सेटिंगच्या फेरफाराची नोंद कुठे आहे?

संपादक महोदय,

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. पहाटेची आंघोळ, फराळ सगळं उरकून जरा निवांत बसले होते आणि दुपारी सव्वाबाराच्या सुमारास फोन वाजायला लागला तो थांबेचना. मी पुण्यात एका कंपनीत सिस्टम अ‍ॅडमिन आहे, १४ वर्षं हेच काम करतेय, आणि त्या दिवशी ऑन-कॉल, म्हणजे अडचण आली तर फोन घ्यायच्या पाळीवर, मीच होते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवा एकामागोमाग एक बंद पडत होत्या, स्नॅपचॅट, सिग्नल, कॅनव्हा असली जगभर वापरली जाणारी अ‍ॅप्स अडकली, आमचंही निम्मं काम त्याच क्लाउडवर चालतं त्यामुळे लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडेपर्यंत मी लॅपटॉपसमोरच होते. नंतर आपल्या पेपरात बातमी वाचली, त्यात कारण दोनच शब्दांत दिलं होतं, ‘तांत्रिक बिघाड’. हे पत्र त्या दोन शब्दांबद्दल आहे, जरा लांबलंय पण कृपया पूर्ण वाचा.

तांत्रिक बिघाड म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर जळालेली वायर येते, बंद पडलेलं मशीन येतं, कुणीतरी खणताना तोडलेली केबल येते. त्या दिवशी यातलं काही झालं नव्हतं. डायनॅमो डीबी नावाचा जो डेटाबेस पोचेनासा झाला त्याची मशीनं जागच्या जागी होती, हरवला होता तो फक्त त्यांचा पत्ता. इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधायची जी यंत्रणा असते, डीएनएस, त्यातली त्या डेटाबेसची नोंद कोरी झाली होती.

ती कोरी कशी झाली हे अ‍ॅमेझॉनने नंतर स्वतःच सविस्तर सांगितलं आणि ते प्रत्येकाला कळावं इतकं साधं आहे. एक प्रोग्राम होता प्लॅनर, तो कुठल्या पत्त्यावर किती लोड द्यायचा याचा प्लॅन सतत बनवत राहायचा. दुसरे होते एनॅक्टर, ते प्लॅन घेऊन प्रत्यक्ष नोंदीत लावायचे. एक बंद पडला तर दुसरा असावा म्हणून एनॅक्टर तीन ठेवलेले, वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांवर अवलंबून नसलेले. त्यातला एक त्या दिवशी रेंगाळला. काम हाती घेताना त्याने तपासलं होतं की माझ्या हातातला प्लॅन आधीच्यापेक्षा नवा आहे ना, आणि तेव्हा तो नवा होताही. पण तो रखडत रखडत पुढे सरकेपर्यंत प्लॅनरने आणखी बरेच प्लॅन काढले, दुसऱ्या एनॅक्टरने त्यातला ताजा घेऊन भराभर सगळीकडे लावला, आणि मग हा मागे राहिलेला पोचला आणि त्याने ताज्यावर आपला शिळा प्लॅन चढवला. नेमकी त्याच वेळी दुसऱ्याने साफसफाई काढली, फार जुने झालेले प्लॅन पुसून टाकायचे असा त्याचा नियम, त्यात हा शिळा प्लॅनही पुसला गेला, जो त्या क्षणी वापरात होता. पत्ता गेला. आणि नोंद अशा अर्धवट अवस्थेत सापडली की पुढचा एकही आपोआप होणारा बदल तिच्यावर लागेना, शेवटी माणसांनी हाताने दुरुस्त केलं तेव्हा आपल्याकडे दुपारचे जवळपास तीन वाजले होते, आणि त्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या सेवा सुरळीत व्हायला मध्यरात्र उलटून गेली.

म्हणजे चूक नोंद ठेवायच्या आणि बदलायच्या पद्धतीत होती. तपासणी आधी झाली, लिहिणं नंतर झालं, मधल्या वेळात जग बदललं.

माझे वडील तलाठी होते, सातारा जिल्ह्यात. मी या धंद्यात आले तेव्हा त्यांना माझं काम समजावताना मला पहिल्यांदा लक्षात आलं की हा माणूस आयुष्यभर हेच करत आलाय. सातबारा सगळ्यांना माहितीये, आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते त्यात दिसतं. पण सातबाऱ्यावर उठून थेट कुणी काही लिहीत नाही. आधी गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. तिथे क्रमांक पडतो, तारीख पडते, कशाच्या आधारे बदल करायचा ते येतं, खरेदीखत असेल, वारस असेल, सोसायटीचा बोजा असेल. मग संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस, हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत, आणि सगळं बघून मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नाव बदलतं. हाताने लिहायच्या काळात जुनं नाव खोडून टाकत नसत, त्याला कंस करायचे आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहायचे, म्हणजे ५० वर्षांनी कुणी विचारलं की हे नाव कसं लागलं तर क्रमांक बघायचा आणि वही उघडायची. या व्यवस्थेत घोळ होतात, लोक खेटे घालून थकतात, हे मी घरातूनच पाहिलंय. पण मूळ रचना पक्की आहे, आजची स्थिती एका जागी आणि तिथपर्यंत कसे आलो ते दुसऱ्या जागी, आणि दुसऱ्या जागेतून गेल्याशिवाय पहिली बदलायची नाही.

कॉम्प्युटरच्या दुनियेत हे सुचायला बराच वेळ गेला. पूर्वी अ‍ॅडमिन प्रत्येक सर्व्हरवर लॉगिन करून हाताने सेटिंग बदलायचा आणि आठवण हीच त्याची नोंदवही. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन नावाचं टूल लिहिलं, त्याची कल्पना अशी की मशीन कसं असायला हवं ते लिहून ठेवायचं, टूल येऊन बघणार, जे जुळत नाही तेवढंच दुरुस्त करणार, आणि दहा वेळा चालवलं तरी निकाल तोच यायला हवा. पुढे २००५ मध्ये पपेट आलं, मग शेफ, सॉल्ट, २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल, २०१४ मध्ये टेराफॉर्म. पपेटचा एजंट मुळात दर ३० मिनिटांनी फेरी मारतो, अ‍ॅन्सिबल आपण चालवू तेव्हाच चालतं. हे फरक आमच्या लोकांत तासन् तास चघळले जातात. मला विचाराल तर ते दुय्यम आहेत, खरा प्रश्न हे टूल नोंद कुठे ठेवतं आणि दोन जण एकदम बदलायला आले तर काय करतं हा आहे, आणि यावर टूल घेताना फार कमी लोक विचारतात.

कारण इथे नोंदी दोन नाहीत, तीन असतात. एक, आपल्याला काय हवंय ते. दुसरी, मशीनवर प्रत्यक्ष काय आहे ते. आणि तिसरी, टूलला काय आहे असं वाटतंय ते. टेराफॉर्म ही तिसरी गोष्ट स्टेट फाईल म्हणून वेगळी जपून ठेवतं. ही फाईल हरवली तर टूलच्या दृष्टीने तुमचे सगळे सर्व्हर अस्तित्वातच नाहीत, ते निवांतपणे सगळं नव्याने उभं करायला निघतं. ती फाईल कुणाच्या तरी लॅपटॉपवर असते असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. ती सामाईक जागी हवी, बदलताना तिला कुलूप लागायला हवं, प्रत्येक बदलाला तिचा क्रमांक वाढायला हवा आणि जुन्या प्रती राहायला हव्यात. टूलमध्ये यातलं बरंचसं आहे, पण लावून घ्यावं लागतं.

यातली दुसरी आणि पहिली नोंद वेगळी पडली की काय होतं ते मी स्वतः भोगलंय. आधीच्या एका नोकरीत, नाव घेत नाही, आमचे २० सर्व्हर होते. एका रात्री लोड वाढला, एका सहकाऱ्याने त्यातल्या तीन सर्व्हरवर हाताने एक मर्यादा वाढवली, एकावेळी किती कनेक्शन घ्यायची ती. काम भागलं, सगळे झोपले, मूळ फाईलमध्ये तो बदल टाकायचं राहून गेलं. चार महिन्यांनी मी अगदी वेगळ्याच कामासाठी टूल चालवलं, टूलने बघितलं तीन सर्व्हर लिहिल्याप्रमाणे नाहीयेत, त्याने इमानदारीत मर्यादा पुन्हा खाली आणली. दिवस महिनाअखेरचा, पगार व्हायचे होते. अडीच तास आम्ही नेटवर्क बघतोय, डेटाबेस बघतोय, कुणालाच कळेना, कारण ज्याने बदल केला होता तो नोकरी सोडून गेलेला आणि मी जो बदल केला होता त्याचा याच्याशी संबंधच नव्हता. मीटिंगमध्ये मला विचारलं गेलं, तू काय बदललंस, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले की हाताने बदल करायचा असेल तर करा, रात्री अडीच वाजता आग लागली असेल तर आधी आग विझवायची हे मलाही कळतं, पण सकाळी नोंद झालीच पाहिजे आणि टूलने फरक सापडल्यावर गुपचूप पुसण्याआधी ओरडून सांगितलं पाहिजे की इथे लिहिल्यापेक्षा वेगळं काहीतरी आहे.

आमचं नुकसान पगार तीन तास उशिरा होण्यावर निभावलं. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचं तसं झालं नाही. त्यांचे ८ सर्व्हर, नवा प्रोग्राम ७ वर चढवला, आठव्यावर राहून गेला, दुसऱ्या कुणी येऊन तपासलं नाही. वर नव्या कामासाठी त्यांनी जुनंच एक फ्लॅग, म्हणजे प्रोग्रामचा एखादा भाग चालू करायची खूण, पुन्हा वापरलं, जे आठव्या सर्व्हरवरच्या जुन्या प्रोग्रामसाठी अजूनही जुन्याच अर्थाचं होतं. बाजार उघडला आणि तो सर्व्हर ऑर्डरमागे ऑर्डर सोडत सुटला. घाबरून त्यांनी दुरुस्ती म्हणून बाकीच्या ७ वरचा नवा प्रोग्राम काढला, त्यामुळे आठही सर्व्हर तेच करायला लागले. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. बाजार उघडायच्या आधी यंत्रणेने आपल्याच लोकांना ९७ ईमेल पाठवले होते ज्यात या चुकीचा उल्लेख होता, ते कुणी इशारा म्हणून बघितलेच नाहीत. ही माहिती अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या आदेशात आहे. आठ जागी एकच नोंद हवी असेल तर ती आठही जागी पोचली की नाही हे टूलनेच मोजून सांगायला हवं, माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडून चालत नाही.

मग नोंद ठेवायची कशात? साध्या फाईलमध्ये ठेवून ती गिटमध्ये टाकणं हा माझ्या मते बहुतेकांसाठी चांगला मार्ग आहे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सचा कोड सांभाळायला गिट लिहिलं, ते आम्हाला आयतीच फेरफार नोंदवही म्हणून मिळालं, कोणी, कधी, काय, का, सगळं येतं, आणि दुसऱ्याने बघून मंजूर केल्याशिवाय बदल मुख्य शाखेत जाऊ द्यायचा नाही असा नियम लावता येतो म्हणजे मंडळ अधिकारीही आला. पण जिथे दर सेकंदाला शेकडो बदल होतात तिथे गिट पुरत नाही, तिथे एटसीडीसारखा नोंदींचा डेटाबेस लागतो, अनेक सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारं कुबर्नेटिस आपली सगळी स्थिती त्यातच ठेवतं. एटसीडी सहसा तीन किंवा पाच मशीनवर मिळून चालतं आणि निम्म्याहून जास्त मशीननी मान्य केल्याशिवाय बदल पक्का होत नाही. आणि त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक असतो, तुम्ही बदल पाठवताना सांगायचं की मी अमुक क्रमांकाची नोंद वाचून हा बदल करतोय, मधल्या काळात दुसऱ्याने बदल केला असेल तर क्रमांक जुळत नाही आणि कुबर्नेटिस तुमचा बदल परत पाठवतं, आधी ताजी नोंद वाच मग ये. तपासणी लिहिण्याच्या क्षणी आणि नोंदवही जिथे आहे तिथेच होते. दिवाळीच्या त्या दिवशी जे घडलं त्यात नेमकं हेच नव्हतं.

फाईल लिहितानाही एक जुनी शिस्त आहे जी नव्या मुलांना शिकवावी लागते. चालू फाईलवर कधी लिहायचं नाही. शेजारी नवी फाईल पूर्ण लिहायची, डिस्कवर पोचल्याची खात्री करायची, मग नाव बदलून तिला जुन्या फाईलच्या जागी बसवायचं. नाव बदलणं एका झटक्यात होतं, वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी दिसते नाहीतर पूर्ण नवी. हे न केल्यामुळे लाइट गेल्यावर अर्धी फाईल घेऊन उठलेले सर्व्हर मी पाहिलेत. फाईल ज्या भाषेत लिहितो तिथेही खाचखळगे आहेत, यॅमल नावाचा प्रकार सगळीकडे चालतो, त्याच्या जुन्या नियमाप्रमाणे नॉर्वे देशाचा कोड ‘एनओ’ लिहिला की तो ‘नाही’ असा वाचला जातो, आणि २२:२२ लिहिलं की त्याला वेळ समजून त्याचे १३४२ होतात. पासवर्ड या फाईलींमध्ये उघडे ठेवू नयेत, यावर जास्त लिहीत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच सवयीची. प्रोग्राम बदलायचा म्हटलं की सगळे सावध असतात, टेस्टिंग होतं, टप्प्याटप्प्याने सोडतात. पण ‘फक्त सेटिंग बदलायचंय’ म्हटलं की सगळे सैल पडतात. १९ जुलै २०२४ ची सकाळ आठवत असेल, देशभरातल्या विमानतळांवर रांगा लागल्या आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीने आपल्याकडच्या ९ वाजून ३९ मिनिटांनी एक फाईल जगभर पाठवली, ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज मशीन पडली होती. पाठवलेली गोष्ट प्रोग्राम नव्हता, धोके ओळखायच्या सूचनांची डेटा फाईल होती. सूचना २१ रकान्यांच्या हिशोबाने होत्या आणि मशीनवरचा प्रोग्राम २० च रकाने भरून देत होता, एकविसावा वाचायला गेला आणि मशीन कोसळलं. ज्यांना सावध राहायचं होतं त्या ग्राहकांना प्रोग्रामची एक-दोन आवृत्ती मागे राहायची सोय होती, पण या फाईलींना तो नियम लागू नव्हता, त्या सगळ्यांना एकदम जायच्या.

१८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअरचं, म्हणजे जगभरातल्या असंख्य साइट्सची ये-जा जिच्यातून होते त्या कंपनीचं, झालं तेही याच जातीचं. त्यांच्याकडे बॉट, म्हणजे माणसाऐवजी साइटवर येणारे प्रोग्राम, ओळखायची एक फाईल दर पाच मिनिटांनी बनून सगळीकडे जाते. डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये एक बदल केला, त्यामुळे माहिती काढणारी क्वेरी त्याच ओळी दोनदा द्यायला लागली, फाईल दुप्पट झाली, वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये २०० नोंदींची मर्यादा होती ती ओलांडली आणि प्रोग्राम कोलमडला. बदल डेटाबेसच्या काहीच मशीनवर पोचला होता म्हणून सुरुवातीला दर पाच मिनिटांनी कधी चांगली फाईल बनायची कधी वाईट, साइट्स चालू बंद चालू बंद, आणि त्यांना आधी वाटलं कुणीतरी हल्ला करतंय. संध्याकाळी पावणेपाचच्या पुढे सुरू झालेलं हे रात्री आठच्या सुमारास आटोक्यात आलं, ते कसं, तर वाईट फाईल बनणं थांबवून आधीची चांगली फाईल परत बसवून. ती आधीची फाईल जपून ठेवलेली होती म्हणून जमलं. वाचणाऱ्या प्रोग्रामनेच ‘नवी फाईल मला मान्य नाही, मी जुनीवरच चालतो’ असं म्हटलं असतं तर तेवढाही वेळ गेला नसता, आणि माझ्या मते प्रत्येक टूलमध्ये हे मुळातच असायला हवं, आपल्याच घरातून आलेली फाईलसुद्धा अनोळखी माणसाकडून आल्यासारखी तपासायची.

आता हे सगळं आपल्या पेपरला का लिहितेय. कारण आपल्या नगरपालिका, सहकारी बँका, विद्यापीठं, दवाखाने आता सगळे सॉफ्टवेअरवर आहेत. सॉफ्टवेअर घेताना स्क्रीन दाखवतात, अ‍ॅप दाखवतात, किंमत ठरते. माझी विनंती आहे की संचालकांनी आणि अधिकाऱ्यांनी एवढं विचारावं की यातली सेटिंग कुठे साठवता, कोण बदलू शकतं, बदलाची नोंद आम्हाला दाखवा, काल रात्रीची स्थिती आत्ता आमच्यासमोर परत आणून दाखवा. हे बघायला अर्धा तास पुरतो. जो विक्रेता तेवढ्यात दाखवू शकत नाही तो अडचणीच्या दिवशीही दाखवू शकणार नाही, हे अनुभवाने सांगते.

आणि आपल्या बातमीदारांना विनंती, पुढच्या वेळी कुणी प्रवक्ता ‘तांत्रिक बिघाड’ म्हणाला की तिथे फोन ठेवू नका. काय बदललं होतं, किती वाजता, ते एकदम सगळीकडे गेलं की टप्प्याने, आणि मागे घ्यायला इतका वेळ का लागला, एवढं विचाराच आणि उत्तर मिळालं नाही तर तसं छापा. वर ज्या कंपन्यांची नावं आली त्यातल्या तिघांनी झालेल्या चुकीचा मिनिटामिनिटाचा हिशोब स्वतः जाहीर केला म्हणून मी हे पत्र लिहू शकले. आपल्याकडे सामान्य ग्राहकाचा दिवस वाया जातो, पैसे अडकतात, आणि त्याला एका ओळीचा दिलगिरीचा मेसेज येतो.

कुणा बातमीदाराला हे नीट समजून घ्यायचं असेल तर कुठल्याही रविवारी मी आपल्या कार्यालयात येऊन कागदावर काढून दाखवायला तयार आहे. वडिलांच्या ट्रंकेत गाव नमुना ६ चे काही कोरे फॉर्म अजून आहेत, तेही घेऊन येईन, त्यातले रकाने बघितले की अर्धं काम होतं.

आपली,
एक सिस्टम अ‍ॅडमिन, पुणे